तळ्याच्या डावीकडची वाट

आमच्या बस स्टँडवर दोन खिडक्या लागून होत्या, एक चौकशीची आणि एक पासांची. पासांच्या खिडकीत मी बसायचो, चौकशीच्या खिडकीत ताई. मधे खांद्याएवढी लाकडी फळी होती, त्यामुळे ताईंचं बोलणं मला दिवसभर ऐकू यायचं आणि माझं त्यांना. त्यांना सगळा स्टँड चौकशीताई म्हणायचा. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांना तिथे बसून दहा-बारा वर्षं झाली होती, आणि पुढची वीस वर्षं मी त्यांच्या शेजारी काढली.

वेळापत्रक त्यांना तोंडपाठ होतं, पण ते कुणालाही जमलं असतं. ताईंची खासियत वेगळी होती. माणसानं गावाचं नाव घेतलं की त्या बसची वेळ सांगून थांबायच्या नाहीत. कुठे उतरायचं, उतरल्यावर कुठल्या हाताला वळायचं, दवाखाना कधी उघडतो, धबधब्याला कुठल्या महिन्यात पाणी असतं, लेण्यांपर्यंत चालत किती वेळ लागतो, सगळं सांगायच्या. तेही अशा आवाजात, की ऐकणाऱ्याला वाटावं, या बाई कालच तिथून आल्यात. प्रत्यक्षात त्या कुठेच गेल्या नव्हत्या. लोकांना सुट्ट्या लागल्या की स्टँडवर गर्दी, आणि गर्दी असली की ताईंची रजा रद्द. त्यांची सगळी माहिती ड्रायव्हर-कंडक्टरांच्या गप्पांमधून वेचलेली होती.

एक शब्द मात्र मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. ‘माहीत नाही’ असं त्या म्हणत नसत. एखादी गोष्ट खरंच माहीत नसली तर क्षणभर थांबायच्या, चष्मा वर सरकवायच्या आणि काहीतरी सांगून टाकायच्या. बहुतेक वेळा ते बरोबरच निघायचं. निघालं नाही तरी माणूस तोवर बसमध्ये चढून गेलेला असायचा. परत येऊन भांडायला कुणाला वेळ आहे?

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना ताईंच्या धाकट्या बहिणीच्या घरी गाडी आली. जुनीच घेतलेली, पण चांगली होती. धाकटी एका मोठ्या शिंप्याच्या दुकानात कापड बेतण्याचं काम करायची. तिच्या हातच्या कापणीला शिंपी डोळे मिटून शिलाई मारायचे, अशी तिची ख्याती. तिचा नवरा शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता, मुलगी कॉलेजात. गाडी आल्या आल्या धाकटी म्हणाली, “ताई, दोन दिवस कुठेतरी जाऊ. तू आणि भावजी, आम्ही तिघं. सगळं तू ठरव. तुझ्याइतकं कुणाला कळतंय?”

झालं. पुढचे तीन आठवडे आमच्या खिडक्यांमध्ये दुसरा विषय नव्हता. रद्द झालेल्या वेळापत्रकांच्या पाठकोऱ्या कागदांवर ताई रकाने आखत बसायच्या. सहा दहाला निघायचं. सात पस्तीसला नदीवरचा जुना दगडी पूल, तिथे वीस मिनिटं. मग तलावाच्या कडेचा रस्ता, त्याला वळणं फार म्हणून मुलीला पुढे बसवायचं. दुपारी डोंगरात कोरलेली लेणी. मुक्काम एका छोट्या गावातल्या विश्रामगृहात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरावरचा किल्ला. त्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘तळ्याच्या डावीकडून पायऱ्या, तीनशे चाळीस, पाऊण तास.’

भाची एकदा स्टँडवर आली होती. कागद बघून म्हणाली, “मावशी, फोनवर तर किल्ल्याची वाट तळ्याच्या उजवीकडून दाखवतायत.”

“फोन चढून आलाय का किल्ला?” ताई म्हणाल्या. भाची हसली. फळीच्या या बाजूला मीही हसलो.

पहिला दिवस अगदी सरळ गेला, असं ताईंनी मला नंतर सांगितलं. सगळं मिनिटाबरहुकूम. पुलावर गाडी थांबवली तेव्हा धुकं नुकतं उठत होतं. ताईंनी आधी सांगून ठेवलं होतं, पुलाला नऊ कमानी आहेत. भाचीनं मोजल्या तर सात भरल्या. “दोन गाळात गेल्यात,” ताई म्हणाल्या. त्यांच्या नवऱ्यानं वळून त्यांच्याकडे पाहिलं. ते चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे, बोलणं कमी. लेण्यांत धाकटीच्या नवऱ्यानं एका रखवालदाराला काही विचारलं, तर त्याच्याआधी ताईंनीच उत्तर दिलं. संध्याकाळी विश्रामगृहाच्या पायरीवर सगळे पाय पसरून बसले असताना धाकटी म्हणाली, “ताई, तू या नोकरीत उगीच अडकलीस. तू गाईड व्हायला हवं होतंस.” हे वाक्य ताईंनी मला सांगितलं तेव्हा त्या फळीकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी साडेसातला ते किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात पोचले. तळं होतं. तळ्याच्या उजव्या अंगानं एक मळलेली पायवाट झाडीत शिरत होती. डाव्या अंगाला वरून घसरून आलेल्या दगडांचा एक मोठा पसारा होता आणि त्यात रानगवत वाढलं होतं. पायऱ्या कुठेच नव्हत्या.

“मावशी, इकडून लोक जाताना दिसतायत,” भाची उजवीकडे बोट दाखवून म्हणाली.

ताईंनी चष्मा वर सरकवला. “ती गुरांची वाट. पायऱ्या थोड्या वर सुरू होतात. चला माझ्यामागे.”

मी त्यांना विचारलं होतं, त्या क्षणी तुम्हाला नक्की काय वाटलं. त्या म्हणाल्या, “वाट नाही हे मला खालूनच दिसलं होतं हो. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. तोंड म्हणालं, चला.”

त्या पुढे, त्यांच्यामागे धाकटी, मग बाकीचे. पंधरा-वीस मिनिटं ते त्या दगडांमधून चढत राहिले. पाऊल ठेवलं की दगड हलायचा. धाकटीचा नवरा दोनदा म्हणाला, “ताई, परत फिरू या का?” ताई म्हणाल्या, “आता आलंच.” त्यानंतर चार पावलांवर धाकटीच्या पायाखालचा दगड सुटला. ती उजव्या हातावर पडली. ओरडली नाही. बसल्या जागी हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. मनगटाचा आकार बदलला होता.

तिला खाली आणायला पाऊण तास लागला. तळ्याकाठी एक घर होतं, समोर पत्र्याची शेड आणि दोन बाकडी. किल्ला चढायला येणाऱ्यांना तिथली बाई चहा आणि उकडलेली अंडी द्यायची. तिनं लांबूनच हे लोक उतरताना पाहिलं होतं. ती पाणी घेऊन पुढे आली, धाकटीला बाकावर बसवलं, घरातून खोक्याच्या दोन पातळ फळ्या आणल्या, जुनं लुगडं फाडलं आणि हात इतका नीट बांधून दिला, की पुढे दवाखान्यातल्या डॉक्टरनंही विचारलं, हे कुणी बांधलं. बांधता बांधता तिनं विचारलं, “डावीकडून कुणी पाठवलं तुम्हाला?”

बाईनं लुगड्याची आणखी एक पट्टी फाडली.

“स्टँडवरच्या चौकशीनं ना?” बाई म्हणाली. “मला माहीतच आहे. महिन्याला दोन-तीन जण तरी येतात असे. तळ्याच्या डावीकडून, तीनशे चाळीस पायऱ्या, पाऊण तास. पोपटासारखं सगळ्यांना पाठ. त्या पायऱ्या दरडीखाली जाऊन चौदा वर्षं झाली. दिसले की हाका मारून मी परत बोलावते, पण मी काय चोवीस तास दारात बसलेली असते? मागे एक म्हातारे गृहस्थ दोन तास अडकले होते वर. गावातली चार माणसं नेऊन उतरवलं त्यांना. मी दोनदा पत्र टाकलं त्या चौकशीच्या बाईला. एकाचंही उत्तर नाही. खुर्चीत बसून सांगायला तिचं काय जातंय?”

बाई चिडून बोलत नव्हती. रोजची तक्रार सांगावी तसं सांगत होती. भाचीनं मावशीकडे पाहिलं आणि लगेच मान फिरवली. धाकटीच्या नवऱ्यानं गाडीची किल्ली खिशातून काढली, परत ठेवली. ताईंचे यजमान तळ्याकडे तोंड करून उभे राहिले.

तेव्हा धाकटी बोलली. तिचे ओठ दुखण्यानं पांढरे पडले होते. “नाही हो बाई. आम्हाला कुणी नाही सांगितलं. आम्हीच आगाऊपणा केला.”

“असं होय,” बाई म्हणाली, आणि गाठ मारली.

ताई तिथेच होत्या, दोन हातांच्या अंतरावर. तोंड उघडायला तेवढा वेळ पुरेसा होता. त्यांनी उघडलं नाही. बाईनं सगळ्यांना चहा दिला आणि पैसे घेतले नाहीत, ‘दुखणेकऱ्याच्या चहाचे कसले पैसे’ म्हणाली. तो चहा ताई प्यायल्या. मला हे सांगताना त्या इथे अडखळल्या. “प्याले हो मी तो. सगळा प्याले.”

परतीच्या गाडीत किल्ल्याचं नाव कुणी काढलं नाही. पत्रांचंही नाही. धाकटी मधेच म्हणाली, “तलावाचा रस्ता मात्र सुंदर होता हं ताई.” ताई म्हणतात, तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते.

सोमवारी ताई नेहमीपेक्षा आधी आल्या. मी पोचलो तेव्हा त्यांच्या टेबलाचा खालचा खण बाहेर काढून जमिनीवर ठेवलेला होता आणि त्या उकिडव्या बसून कागद चाळत होत्या. त्यांना पत्र सापडलं. वहीचं पान, मोठं गिरवल्यासारखं अक्षर. ‘चौकशीच्या बाईंना सांगणे, तळ्याच्या डावीकडच्या पायऱ्या दरडीत गेल्या आहेत. माणसं उजवीकडून, झऱ्याच्या वाटेनं पाठवावीत. एक तास लागतो पण वाट चांगली आहे. तळ्याकाठची चहावाली.’

ते पत्र मला ओळखीचं होतं. दोन वर्षांपूर्वी टपाल माझ्या खिडकीवर आलं होतं आणि मीच ते ताईंना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, त्या अक्षराची नक्कल करत, एकेक शब्द ओढत. वर म्हणालो होतो, “घ्या ताई, आता चहावाल्या बायका तुम्हाला रस्ते शिकवणार.” ताई हसल्या होत्या. “तीस वर्षं सांगतेय मी ही वाट,” म्हणाल्या होत्या, आणि पत्र खणात गेलं होतं.

आता खणाशेजारी बसून त्यांनी मला सगळं सांगितलं, जे मी वर लिहिलंय ते. शेवटी म्हणाल्या, “ती दोन पत्रं म्हणाली. दुसरं कुठे गेलं? मी तेही असंच कुठेतरी कोंबलं असणार.” आणि त्या पुढचा खण काढायला लागल्या.

दुसरं पत्र त्या खणांत असणं शक्यच नव्हतं. ते आलं त्या दिवशी ताई आजारपणाच्या रजेवर होत्या. मी पाकीट फोडलं, अक्षर ओळखलं, चार ओळी वाचल्या, म्हाताऱ्या गृहस्थांची हकिकत त्यातच होती, आणि त्याचा बोळा करून टोपलीत टाकला. राग नव्हता, द्वेष नव्हता. पासांची रांग होती आणि मला कंटाळा आला होता, एवढंच. ताई खणामागून खण उपसत होत्या आणि मी त्यांच्याकडे बघत उभा होतो. मग म्हणालो, “जाऊ द्या ना ताई, एक काय न् दोन काय.” आणि माझ्या खिडकीचं दार उघडलं.

त्या आठवड्याच्या सुट्टीला ताई सकाळच्या पहिल्या बसनं एकट्या त्या गावाला गेल्या. घरी फक्त नवऱ्याला सांगितलं. ते म्हणाले, “मी येऊ का?” त्या नको म्हणाल्या. त्यांनी बसच्या खिडकीत बसून वाक्यं जुळवली होती, पण शेडपाशी पोचल्यावर त्यातलं एकही आठवेना. बाई अंड्यांची सालं गोळा करत होती.

“चौकशीच्या खिडकीत मी बसते,” ताई म्हणाल्या.

“माहीत आहे,” बाई म्हणाली. “बसा.”

“कसं माहीत?”

“त्या दिवशीच कळलं. मी चौकशीचं बोलले तेव्हा बाकीचे सगळे इकडंतिकडं बघायला लागले, आणि तुम्ही तेवढ्या आपल्या चपलांकडे.”

“मग मला तोंडावर का नाही म्हणालात?”

बाईनं सालं टोपलीत टाकली, हात पुसले. “तुमची बहीण तुमच्यासाठी खोटं बोलली. हात तिचा मोडलेला, आणि तो मी बांधत होते. तिला कशी खोटी पाडू?”

ताईंना रडू आलं. बाईनं त्यांची समजूत घातली नाही आणि क्षमाबिमा केल्याचंही म्हणाली नाही. गिऱ्हाईक आलं तर उठून चहा करून आली. मग म्हणाली, “किल्ला पाहिलाय कधी?”

“नाही.”

“कधीच?”

“कधीच नाही. कुठलाच नाही.”

बाईनं शेडला कडी घातली आणि ताईंना उजवीकडच्या वाटेनं वर नेलं. ताई वाटेत कागद काढून लिहीत गेल्या, झरा कुठे, कुठे पाणी पिता येतं, कुठे सावली नाही, कुठल्या वळणावर वाट चुकते. त्यांच्या चालीनं दीड तास लागला. वर काय होतं, असं मी उत्सुकतेनं विचारलं. “एक पडका बुरूज, पाण्याचं एक टाकं आणि भरपूर वारा,” त्या म्हणाल्या. पूर्वीच्या ताईंनी त्या बुरुजावर अर्धा तास बोलून दाखवलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांकडे जाऊन सगळं लेखी दिलं, स्वतःच्या चुकीसकट. साहेबांनी कागद वाचला आणि म्हणाले, “एवढं कशाला मनाला लावून घेता?” कागद फायलीत गेला. ताईंनी स्वतःच पुठ्ठ्यावर पाटी लिहिली आणि खिडकीत लावली: किल्ल्याची वाट तळ्याच्या उजवीकडून. आणि त्यानंतर त्या ‘माहीत नाही’ म्हणायला लागल्या. “मला माहीत नाही, दुपारी कंडक्टर येतील, त्यांना विचारून सांगते.” पहिल्यांदा हे ऐकणारा माणूस जाम भडकला. “माहीत नाही तर तिथे बसलायत कशाला?” ताई म्हणाल्या, “खरंय तुमचं.” तो आणखीच भडकला. दिवसाला असे चार-पाच तरी निघायचे. वर तक्रारी जायला लागल्या, हल्ली चौकशीत काहीच कळत नाही म्हणून. तीस वर्षांत ताईंविरुद्ध एकही तक्रार नव्हती, त्या शेवटच्या दोन वर्षांत अकरा आल्या.

धाकटीचं प्लास्टर निघालं पण मनगट पूर्वीसारखं वळेना. जाड कापड बेतताना कात्री मधेच थांबायची. दुकानानं तिला काढलं नाही, काजं-बटणं तपासायला बसवलं. ताई तिच्याकडे माफी मागायला तीनदा गेल्या. तिन्ही वेळा धाकटीनं बोलू दिलं नाही. “सोड ना ताई, पाय माझा घसरला.” तिसऱ्या वेळी ताई म्हणाल्या, “अगं, मला एकदा म्हणू तरी दे.” तेव्हा धाकटी म्हणाली, “तू म्हणालीस की मला ‘काही हरकत नाही’ असं म्हणावं लागेल. मला हरकत आहे ताई. म्हणून म्हणते, राहू दे.” त्यानंतर ताईंनी तो विषय काढला नाही. पुढच्या वर्षी ते सगळे पुन्हा फिरायला गेले. आखणी भाचीनं केली. ताईंना बोलावलं होतं. त्या मागच्या सीटवर बसून गेल्या आणि आल्या.

निवृत्तीच्या दिवशी निरोपाची भाषणं झाली. ‘ज्ञानाचा सागर’ वगैरे शब्द आले, ताई खाली मान घालून बसल्या होत्या. लोकांना तो विनय वाटला. सगळे पांगल्यावर त्या खिडकीतलं आपलं सामान आवरायला आल्या. खण रिकामे करताना पुन्हा म्हणाल्या, “ते दुसरं पत्र शेवटपर्यंत नाही मिळालं हो पासवाले.”

मग मला राहवलं नाही. मी सांगितलं. ते पत्र तुमच्यापर्यंत आलंच नव्हतं, मी फेकलं, आणि त्या सोमवारी तुम्ही शोधत होता तेव्हा मला ठाऊक होतं.

ताई हातातला पेला तसाच धरून उभ्या राहिल्या. दोन वर्षं त्या स्वतःला दोन पत्रांची गुन्हेगार समजत होत्या, त्यातलं एक माझं होतं. मला वाटलं, आता चिडतील. मी त्याची वाटच बघत होतो म्हटलं तरी चालेल. त्यांनी पेला पिशवीत ठेवला.

“मला कशाला सांगता?” त्या म्हणाल्या. “पत्र मी लिहिलं होतं का? जिनं लिहिलं तिला जाऊन सांगा. सकाळी सव्वासहाला बस आहे.”

पिशवी खांद्याला लावून त्या गेल्या. ती बस माझ्या खिडकीसमोरूनच सुटते. आजवर दोनदा मी तिच्यात चढलोय. पहिल्या वेळी कंडक्टर ओळखीचा निघाला, ‘इतक्या सकाळी कुठे?’ म्हणाला, आणि मी ‘इथेच, नाक्यापर्यंत’ म्हणून नाक्यावर उतरलो. दुसऱ्या वेळी तलावाच्या रस्त्यापर्यंत गेलो.